पुरण नको, शेंगा हव्यात

२८ ऑगस्ट

फुकुदोमे मिठाईवाल्यांचा कियोशी आज संध्याकाळी आमच्या वॉर्डात भरती झाला. चौकातल्या टपालपेटीशी भांडत होता म्हणे! आधी तिला कमरेत वाकून नमस्कार केला, तिने उलट नमस्कार केला नाही म्हणून तिच्यावर डाफरला. एक दंड बायकोने, नात्सुएने, धरलेला, दुसरा बापाने. बाप म्हणजे थोरले मालक, तोकुजिरो. दारातूनच गरजले, "प्यायलाय! तपासायचं काही नाही. झोपवा, आणि सकाळी शुद्धीवर आला की मला बोलवा, मी बघतो त्याच्याकडे."

मी कियोशीच्या तोंडाजवळ नाक नेलं. दारूचा वास नाही. तसं सांगितलं.

"लपून पितो. मला हे डोळे माहीत आहेत, डॉक्टरीणबाई. तुम्ही मला शिकवू नका."

नात्सुए हळूच म्हणाली, "हे थेंबाला शिवत नाहीत हो. लग्नातसुद्धा पेला नुसता ओठाला लावला होता." सासऱ्यांनी तिच्याकडे असं बघितलं की बिचारीने मान खाली घातली.

कियोशी छत्तिशीचा, नुसता हाडांचा सापळा. एप्रिलमध्ये बापाने दुकान त्याच्या हाती दिलं, तेव्हापासून अधूनमधून हे चाललंय. दिवसभर शहाणा माणूस, आणि दिवेलागणीला काहीतरी भलतंच. आतापर्यंत घरातल्या घरात झाकलं. आज चौकात झालं. थोरल्यांनी ठरवूनच टाकलंय — चंद्रदर्शनाच्या सणाची गिऱ्हाइकी संपली की याला डोंगरापलीकडच्या मनोरुग्णालयात ठेवायचं आणि दुकान पुतण्याला द्यायचं.

"सणापर्यंत मला वेळ द्या," मी म्हणाले. कुठल्या जोरावर म्हणाले, मलाच ठाऊक नाही! रक्तात अमोनिया बेसुमार वाढलाय, तो मेंदूला चढतोय. एवढंच हातात आहे.

२९ ऑगस्ट

सोनोग्राफी केली. यकृतावर चरबी. इतक्या वाळक्या माणसाला? ही चरबी आली कुठून!

असो. अमोनिया वाढला की प्रथिनं बंद, हे तर कुठल्याही पुस्तकात सापडेल. मासे बंद, अंडी बंद. तांदळाची मऊ पेज आणि ग्लुकोजचं सलाईन. सगळं चोख. घरी येताना खुशीत फुकुदोमेंच्याच दुकानातून गोड पुरणाचे दोन मोची, म्हणजे चिकट तांदळाचे मऊ लाडू, घेतले. एक रस्त्यातच खाल्ला. राख पडत होती ज्वालामुखीची, तरी थांबवलं नाही.

३० ऑगस्ट

आज त्याने मला तिसरीतल्या बाई समजून लघवीला जायची परवानगी मागितली. दिली.

१ सप्टेंबर

उतार नाहीच, उलट चढत चाललंय. पेज तोंडात घेतो आणि गालात धरून बसतो. आमच्या हेडनर्स आरिमुरा म्हणजे पक्क्या शिस्तीच्या. "शाळेत शिकलात ना? ताटात शीत उरता कामा नये! एक घास आणखी. हा एक." तो रडायला लागला. छत्तीस वर्षांचा माणूस पेजेला बघून रडतो! पण गिळली शेवटी, सगळी.

आई, योशिनोबाई, दुकानातला गोड पुरणपाव घेऊन आल्या होत्या. आजाऱ्याला भेटायला मोकळ्या हाताने कसं यायचं! तोही भरवला.

सलाईनमधलं ग्लुकोज मी वाढवलं. संध्याकाळी त्याला स्वतःचं नाव सांगता येईना. मला आज जेवण गेलं नाही.

३ सप्टेंबर

आज मी एका म्हाताऱ्यावर ओरडले.

कियोशीच्या शेजारच्या खाटेवर समेजिमा आहेत. आयुष्यभर बोट चालवली, आता गुडघा बदललाय. काल त्यांच्या लेकीने मीठ घालून उकडलेल्या भुईमुगाच्या नव्या शेंगांची पिशवी दिली — सणाचे दिवस, घरोघरी उकडतायत. सकाळी बघते तर पिशवी रिकामी, कियोशीच्या चादरीवर टरफलांचा ढीग, आणि समेजिमा समोर पत्ते पिसत बसलेले.

"आजोबा! याला प्रथिनं बंद आहेत. शेंगा म्हणजे विष आहे याला, विष!"

"अगं पोरी, मी कुठे दिल्या? याने हिसकावल्या. असा खात होता की वाटलं, पिशवीही खातो. मग म्हटलं, खा बाबा. पेज खाऊन खाऊन तोंड बघ याचं कसं झालंय."

मी आणखी ओरडले. टरफलं गोळा करायला लावली. गुडघ्याच्या पेशंटला!

४ सप्टेंबर

कियोशी शुद्धीवर आहे!

सकाळी गेले तर समेजिमांशी पत्ते खेळत होता आणि जिंकत होता. मला बघून उठला, नीट नमस्कार केला. "मी आपल्याला बराच त्रास दिला असं ऐकतो. टपालपेटीलाही." तारीख बरोबर सांगितली, शंभरातून सात-सात वजा करून दाखवले, माझ्यापेक्षा भराभर.

रक्त पाठवलं. अमोनिया उतरलाय. शेंगांनी? जे विष म्हणून ओरडले, त्याने? दुपारभर पुस्तकं उपसली. डोकं चालेना. शेवटी विद्यापीठात इजुइन सरांना फोन लावला. सर आता निवृत्तीला आलेत, पण चयापचयाचे आनुवंशिक आजार म्हटलं की झोपेतूनही उठतील.

मी सगळं सांगितलं. सर नुसते हं हं करत होते. मग म्हणाले, "मला एकच सांग. तो गोड खातो का?"

"मिठाईचं दुकान आहे त्यांचं, सर."

"दुकान विचारलं नाही. तो खातो का?"

खाटेवर जाऊन विचारलं. कियोशीने इकडेतिकडे बघितलं, आई नाही ना याची खात्री केली, आणि चोरी कबूल करावी तसं म्हणाला, "नाही हो. मळमळतं. लहानपणापासून. भातसुद्धा. शाळेत बाई ताट संपेपर्यंत उठू देत नसत, मी भात खिशात भरायचो. गावातल्या चिमण्या मी पोसल्यात! शेंगा, सोयाबीन, अंडी, मासे... हे द्या, किती पण."

फोनवर येऊन सांगितलं. पलीकडे सर हसले. "अगं उएझोनो, तुला तिसऱ्या वर्षाला मी हे शिकवलं होतं. तू तेव्हा खिडकीतून बाहेर बघत होतीस."

खरंच बघत असणार!

५ सप्टेंबर

डोकं शांत झाल्यावर मांडून ठेवते, म्हणजे थोरल्यांना सांगता येईल.

पेशीत सिट्रिन नावाचं एक प्रथिन असतं. त्याचं काम हमालाचं, इकडचा माल तिकडे. कियोशीकडे हा हमाल जन्मापासूनच धड नाही. त्यामुळे पिष्ट आणि साखर पोटात गेली की आत सगळं तुंबतं, अमोनिया बाहेर टाकायचं कामही अडतं, आणि तो मेंदूला चढतो. दारूनेही तेच होतं. प्रथिनं आणि चरबी खाल्ली की गाडी दुसऱ्या वाटेने निघते. म्हणून शेंगा. म्हणून अंडी. आपल्याला काय मानवत नाही हे त्याच्या शरीराला लहानपणीच कळलं होतं, आणि आजवर सगळे त्याला नखरे म्हणत आले. पेज, ग्लुकोज, पुरणपाव — आम्ही सगळे मिळून त्याला प्रेमाने आणि पुस्तकाप्रमाणे आजारी पाडत होतो.

सरांनी बजावलंय, आहार सांभाळला नाही तर पुढच्या कुठल्यातरी झटक्यात तो जाईल. सांभाळूनही नाही जमलं तर यकृत बदलायची वेळ येते. "पण वेळेत सापडलाय," म्हणाले. रक्त त्यांच्याकडे रवाना केलं.

सलाईन काढलं. समेजिमांची माफी मागितली. म्हणाले, "माफी राहू दे, शेंगा भरून दे."

७ सप्टेंबर

आरिमुराबाईंनी आज माझ्या आहाराच्या आदेशाचा कागद दोन बोटांत धरून आणला. "डॉक्टर, यकृताच्या पेशंटला तळलेलं अंडं, बांगडा, टोफू आणि वरून तेल? आणि भात अर्धी वाटी? काही चुकलंय का लिहिताना?"

"नाही. असंच."

"भात मागे उरला तर?"

"उरू दे."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी मंदिरात चपला घालून शिरलेय. पण ताट नेलं. कियोशीने भरती झाल्यापासून पहिल्यांदा ताटातलं पोटभर खाल्लं, आणि अर्धी वाटी भात उरवला. आरिमुराबाईंनी तो उचलताना डोळे मिटून घेतले!

१० सप्टेंबर

एक गोष्ट डोक्यात खुपत होती. छत्तीस वर्षं निभावलं, मग एप्रिलमध्येच का बिघडलं? नात्सुएला विचारलं, "दुकान हाती आल्यावर नेमकं काय बदललं?"

"काही नाही. हिशेब आधीही हेच बघायचे, भट्टीही. फक्त चव तेवढी—"

"कसली चव?"

आणि उलगडलं! त्यांच्या घरचा नियम असा की पहाटे शिजलेल्या प्रत्येक कढईतलं पुरण मालकानेच चाखायचं. बोटाने नाही, डावभर. थुंकायचं नाही, गिळायचं. पोटात गेल्याशिवाय गोडी कळत नाही, हे थोरल्यांचं म्हणणं. लाल पुरण, पांढरं पुरण, रताळ्याचं, वर चेरीच्या पानातलं. सणात तर कढया दुप्पट. एप्रिलपर्यंत हे काम बापाचं होतं. गादी दिली, त्याबरोबर डावही दिला.

"ते मग मागच्या दारी जाऊन उभे राहायचे," नात्सुए म्हणाली. "मला वाटायचं, जबाबदारीचं दडपण आलंय."

म्हणजे मालक म्हणून कियोशी रोज पहाटे विष खात होता, आणि ते नाकारणं म्हणजे बापाला नाकारणं. या गावात तोंडाने कोण नाही म्हणणार!

११ सप्टेंबर

थोरल्यांना सांगितलं. फट्‌कन म्हणाले, "चव न घेणारा मालक? मग तो कारकून झाला."

"घेतली तर जाईल तो."

"त्यापेक्षा पुतण्या परवडला." उठून गेले. कियोशी भिंतीकडे तोंड करून पडला. संध्याकाळी शेंगासुद्धा नको म्हणाला. अमोनिया उतरवला मी, पण हे कसं उतरवू?

१४ सप्टेंबर

आजचा दिवस मी विसरणार नाही!

नात्सुए सकाळी सासऱ्यांसमोर उभी राहिली म्हणे, आणि म्हणाली, "डाव मला द्या. मी चाखते." घरात कोणी असं बोललंच नव्हतं कधी. थोरले भडकले. आणि तिला खोटं पाडायला म्हणून तिला, योशिनोबाईंना आणि चार डबे घेऊन थेट वॉर्डात आले. कियोशीसमोरच निकाल लागू दे!

"एकाच डाळीचं पुरण आहे चारीत. सांग काय फरक आहे. बाकी कोणाला कळतं का तेही बघू."

बाकी कोण म्हणजे मी, आरिमुराबाई आणि समेजिमा. मी दोन वर्षं या दुकानाची मिठाई खाते, छाती फुगवून म्हणाले — दुसऱ्यात साखर जास्त. थोरले म्हणाले, "चारीत सारखी आहे." आरिमुराबाई म्हणाल्या, सगळीच छान आहेत. समेजिमांनी चारी डब्यांतलं दोन-दोनदा चाखलं आणि आणखी चाखल्याशिवाय सांगता येणार नाही म्हणाले.

नात्सुएने एकेक डाव घेतला. गिळला. डोळे मिटून थांबली. "पहिलं बरोबर. दुसरं कढईच्या तळाला किंचित लागलंय. तिसऱ्यात मीठ घालायचं राहिलं. चौथं..." ती अडखळली.

"बोल, बोल."

"चौथं आजचं नाही. काल रात्रीचं आहे, सकाळी गरम करून आणलंय. रागावू नका, बाबा."

मग योशिनोबाई फिसकन हसल्या. थोरले लाल झाले, डबे एकात एक रचू लागले, एक खाली पडला. दारापर्यंत जाऊन वळले. "उद्या पहाटे ये लवकर," सुनेला म्हणाले. "केस नीट बांधून."

कियोशीने पांघरूण तोंडावर ओढून घेतलं. हसत होता की रडत होता, मी विचारलं नाही.

२० सप्टेंबर

कियोशी घरी गेला. पुतण्याचं आणि मनोरुग्णालयाचं नाव आता कोणी काढत नाही. जाताना समेजिमांना त्याने विचारलं, "आजोबा, दुकानात शेंगांची वडी काढू का? बिनसाखरेची?" समेजिमा म्हणाले, "काढ, पण मला साखरेची दे."

२५ सप्टेंबर

चंद्र ढगात. मोची मात्र उत्कृष्ट. नात्सुएच्या जिभेचे.

१९ ऑक्टोबर

सरांकडून जनुकांचा अहवाल आला. पक्कं झालं. सगळ्या घराला बोलावलं. कियोशीने अंगावर थोडं मांस धरलंय. डगल्याचे दोन्ही खिसे शेंगांनी फुगलेले, बोलता बोलता सोलतो. सांजवेळचा एकही झटका नाही!

मी समजावलं, की या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. दोन्ही बिघडलेल्या आल्या तरच आजार. आईवडिलांकडे प्रत्येकी एकेकच बिघडलेली, म्हणून ते ठणठणीत.

थोरल्यांच्या भुवया चढल्या. "आमच्या घराण्यात दोष?"

योशिनोबाई एकदम सरसावून बसल्या. "म्हणजे, डॉक्टर, अर्धा यांच्याकडचा?"

"बरोबर अर्धा."

"लग्न झाल्यापासून ऐकतेय! मुलगा वाळका, तुझ्या माहेरचं रक्त. मुलगा भात खात नाही, तुझ्या माहेरचं रक्त. आज अर्धं तरी उतरलं माझ्या डोक्यावरून!" थोरल्यांनी खोकल्याचं निमित्त केलं. नात्सुए खिडकीकडे वळून खांदे हलवत होती.

मग नेहमीचा प्रश्न विचारला. कियोशीला भावंडं? प्रत्येक भावंडाला चारात एक अशी शक्यता असते, तेव्हा त्यांनाही तपासायला हवं.

हसणं थांबलं. योशिनोबाई मांडीवरच्या हातांकडे बघू लागल्या. कियोशीचं सोलणं थांबलं.

"हा एकटाच," थोरले म्हणाले.

मी तसं लिहिलं. मी या गावची नाही, दोन वर्षंच झालीत मला इथे. पण काहीतरी होतं.

६ नोव्हेंबर

भरपूर राख पडतेय. थोरले मालक एकटेच आले, छत्री घेऊन. आजारी नव्हते. माझे सगळे पेशंट संपेपर्यंत बाहेर बाकावर बसून राहिले. आत आले, छत्री कोपऱ्यात ठेवली, बसले नाहीत.

"मेलेल्या माणसाची तपासणी होते का?"

"कोणाची?"

"थोरल्याची. मासातोची."

कियोशीला मोठा भाऊ होता. लहानपणी दोघे शेंगांवरून मारामारी करायचे. बापाने पहिल्यांदा डाव मासातोच्या हातात दिला. आणि वर्षाच्या आत तेच! सांजवेळी बडबड, रस्त्यात पडणं, माणसं न ओळखणं. गाव म्हणालं, दारू. बापही म्हणाला, दारू. मासातो शपथा घ्यायचा. बापाने ऐकलं नाही, सगळ्यांदेखत घराबाहेर काढला. पुढे तो फुकुओका शहरात एका भाड्याच्या खोलीत वारला. त्याला अकरा वर्षं झाली. अस्थी आणून घराण्याच्या कबरीत ठेवल्या, पण नाव घ्यायचं नाही, हा घराचा नियम. चवीसारखाच.

"मला हे डोळे माहीत होते," थोरले म्हणाले. मला नुसतं रडू येत होतं.

"त्याचं रक्त कुठून आणणार तुम्ही," ते म्हणाले. "जाळला आम्ही त्याला."

मला एकदम आठवलं! "योशिनोबाईंनी नाळ जपलीय का? बाळंतपणातली?"

घरोघरी असते. माझी माझ्या आईकडे आहे, किरीच्या लाकडाच्या इवल्याशा डबीत, कापसात गुंडाळलेली, सुकलेली. लग्नात मला देणार म्हणून जपून ठेवलीय, आणि दर फोनला आठवण करते. त्या सुकल्या तुकड्यातून जनुक वाचता येतात, सरांनी वाचलेत.

थोरल्यांनी कोटाच्या आतल्या खिशात हात घातला आणि डबी काढून टेबलावर ठेवली. "तिने सकाळी माझ्या हातात दिली," म्हणाले. "काही बोलली नाही. नुसती दिली. मला वाटलं, दुःखाने देतेय."

योशिनोबाई! माझ्या आधी त्यांना सुचलं होतं. कुठे ऐकलं, कुठल्या टीव्हीवर बघितलं, कोण जाणे.

मी सांगितलं, जुनी आहे, वाचता येईलच असं नाही. त्यांनी मान हलवली. छत्री विसरून गेले. मागे धावत जाऊन दिली.

१३ डिसेंबर

मासातोचा अहवाल आला. तोच आजार. दोन्ही प्रती.

सांगायला दुकानात गेले तर फळ्या लावलेल्या. शेजारीण म्हणाली, थोरल्या पोराची पुण्यतिथी, सगळे कबरीवर गेलेत. तशीच चढ चढून गेले. फुलं वाहून झाली होती. दगडापुढे शोचूचा भरलेला पेला. दरवर्षी थोरले स्वतः ठेवतात म्हणे — नाव घेत नाहीत, पण पोराला आवडायची म्हणून दारू ठेवतात.

मी सांगितलं. थोरल्यांनी पुन्हा सांगायला लावलं. मग विचारलं, "म्हणजे तो खरं बोलत होता?"

"हो."

ते वाकले. पेला उचलला, लांब जाऊन गवतात ओतला, नळाखाली धुतला, बाहीने पुसला. परत येऊन कियोशीपुढे हात पसरला. कियोशीने खिशातल्या मूठभर शेंगा दिल्या. थोरले दगडासमोर मांडी घालून बसले आणि एकेक सोलून पेल्यात टाकू लागले. "मासातो," म्हणाले. "मासातो, खा बाळा." पेला भरेपर्यंत आम्ही सगळे थांबलो.